शेवंतीचे अकरा महिने

शेवंती टेम्पोत चढायची ती अक्काबाई आधी चढली तरच. लग्नसराईत दादू वराती घेऊन नसरापूरला, भोरला, कधी शिरवळपर्यंत जाई, तेव्हा अक्काबाईला तव्यावरची भाकरी सुनेवर सोपवून बाहेर यावं लागे. ती फळीवरून वर चढायची, आत उभी राहून "ये गं" म्हणायची, आणि घोडी मुकाट मागे यायची. मग अक्काबाई उतरून हात धुवायची आणि पुन्हा चुलीपुढे बसायची. दादू मात्र लोकांना सांगे, "घोडी माझ्या शब्दाबाहेर न्हाई." अक्काबाई ते ऐकून घेई. प्रत्येक गोष्टीवर बोलत बसलं तर संसारात दुसरं काही व्हायचं नाही, हे तिला तीस वर्षांत कळलं होतं.

शेवंती गाभण राहावी म्हणून तिला घोडा दाखवायला शिरवळकडे न्यायचं ठरलं, तो दिवस चौदा ऑक्टोबरचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता भोरच्या विहारात. अक्काबाई पांढरं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून तयार होती. टेम्पो दारात आला, घोडी चढेना. ही चढली, घोडी चढली, आणि ही उतरायला लागली तशी घोडीही मागे सरायला लागली. शेवटी दादू म्हणाला, "चल मग तू बी." पांढऱ्या लुगड्यात ती शिरवळला गेली आणि संध्याकाळी लिदीचे डाग घेऊन परत आली. म्हणून तारीख तिच्या पक्की लक्षात होती. लुगड्यावरचे डाग तर अजून निघाले नव्हते.

विंझरच्या अलीकडे, वेल्ह्याच्या रस्त्यापासून जरा आत त्यांची वाडी. पाच-सहा घरं बौद्धांची, वीस-बावीस मराठ्यांची. दादूची दीड एकर भातशेती आणि ही घोडी. मुलगा धम्मदीप खेड शिवापूरच्या एका कंपनीत पाळ्या करी, सून माधुरी अंगणवाडीत मदतनीस होती.

घोड्यांचं ज्ञान या घरात आलं ते अक्काबाईच्या माहेराहून. तिचा आजा नीरेकाठच्या एका इनामदाराच्या पागेत झाडलोटीला होता. लीद काढायची, ओली जागा सुकी करायची, एवढंच त्याचं काम. पण घोडी व्यायला झाली की त्यालाच हाक पडे, कारण तिच्या पायाशी चोवीस तास तोच असे. चाळीसेक शिंगरं त्याच्या हातावर पडली. त्यातल्या एकाच्याही पाठीवर तो कधी बसला नाही. बसायची रीत नव्हती. अक्काबाई लहान असताना त्या पागेत तीनच जनावरं उरली होती. त्यातली एक व्याली तेव्हा आजाने नातीला दाराशी पाठमोरी बसवलं होतं आणि म्हणाला होता, "बघू नगंस. नुसती आईक."

दादूला हौस होती ती घोडी मिरवण्याची. तरुणपणी त्याने दुसऱ्यांच्या घोड्यांचे लगाम धरून शंभर वराती चालवल्या होत्या. भोरच्या एका घोडेवाल्याने धंदा आवरला तेव्हा त्याने ही पांढरी घोडी घरी आणली. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा गाभण राहिली. सहाव्या महिन्यात दादू तिला एका वरातीला घेऊन गेला. अक्काबाई नको म्हणत होती. तिथे पायाशी फटाक्यांची माळ लागली, घोडी दोन पायांवर उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिने गाभ टाकला. मांजराएवढा जीव. दादू म्हणाला, "नजर लागली कुणाची तरी." घेवड्याच्या मांडवामागे अक्काबाईने स्वतः खड्डा खणला. त्यानंतर आठ दिवस तिने नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, शब्द वाढला नाही.

म्हणून या खेपेला तिने पहिल्या महिन्यापासून सगळं आपल्या हातात घेतलं. हरभरा भिजवायचा ती, खरारा करायचा ती. उन्हाळ्यात चार वरातींना दादूने हो म्हटलं होतं, त्या चौघांना तिने माधुरीकडून फोन करवून दुसऱ्या घोडीवाल्याचा नंबर दिला. कॅलेंडरवर दर चौदा तारखेला ती पेनाने टिंब काढी. आजाचा हिशेब होता, अकरा महिने आणि वर आठवडाभर. म्हणजे चौदा सप्टेंबर आणि पुढचा आठवडा.

त्याच आठवड्यात गणपती होते.

खालच्या गावातल्या मंडळाचा अध्यक्ष धनाजी, दोघांना बरोबर घेऊन आला तो शनिवारी. मंगळवारी गणपती यायचा होता. दादूने त्यांना खुर्च्या दिल्या, अक्काबाईने चहा टाकला. आतून तिला ऐकू येत होतं.

"दादूमामा, औंदा आमाला म्होरं घोडी पायजे," धनाजी म्हणाला. "कुनी बसणार न्हाई वर. नुसता साज घालून चालवायची. डीजे आमी मागं ठिवतो."

"आरं, इचारतोस काय, तुमचीच घोडी हाय," दादू म्हणाला.

अक्काबाईने चहाचे कप ट्रेमध्ये ठेवले, बाहेर आणले आणि धनाजीच्या हातात कप देता देता म्हणाली, "घोडी येणार न्हाई, धनाजी. तिचे दिवस भरल्यात."

दादूचा चेहरा उतरला. पण लोकांदेखत बायकोशी वाद घालायचा नाही, एवढी समज त्याला होती. तो म्हणाला, "चिमाजीतात्याला इचारू. त्यो सांगंल तसं."

चिमाजी पंचाहत्तरीचा. तरुणपणी त्याने नसरापूर ते भोर टांगा हाकला होता, आणि त्या टांग्याच्या जोरावर अजूनही या भागात घोड्याचा शेवटचा शब्द त्याचा असे. तो आला, शेवंतीच्या पोटावर हात फिरवला, आणि बोटांची पेरं मोजायला लागला.

"घोडा दावला कवा?"

"चौदा ऑक्टोबर," अक्काबाई म्हणाली.

"तारीख नगं. तिथी सांग. दसरा झाल्यावर ना? आश्विन वद्यातली पंचमी आसंल." त्याने पेरं मोजत नेली. "कार्तिक, मार्गेसर, पूस..." श्रावणाशी आला तेव्हा म्हणाला, "औंदा दोन श्रावण. त्यातला धोंड्याचा सोडायचा. मग भादवा. भादव्यातली वद्य पंचमी, वर आठ दिस. सर्वपित्रीच्या आगंमागं व्याईल घोडी. अजून चार आठवडे हायती की. चालवा खुशाल. चाललेलं बरंच आसतं."

धनाजीने कप खाली ठेवला. त्याला उत्तर मिळालं होतं.

"धोंड्याचा का सोडायचा, तात्या?" अक्काबाईने विचारलं.

"अगं, धोंड्याचा म्हैना कशातच धरत न्हाईत. लगीन न्हाई, मुंज न्हाई. म्हैना म्हनून जमाच न्हाई त्यो."

"व्हय. पर त्या म्हैन्यात शेवंतीनं गवत खाल्लं का न्हाई? रोज दोन पेंढ्या म्या घातल्यात. मग पोटातल्यानं काय म्हैनाभर वाढायचं थांबीवलं?"

दारात उभी असलेली माधुरी हसली आणि पटकन आत गेली. चिमाजी म्हणाला, "आमच्या टांग्याच्या घोड्यांचं आसंच धरलं म्या जन्मभर."

"आन त्या सांगितल्या दिवशी व्याल्या का?"

"कवातरी व्याल्याच की," चिमाजी म्हणाला. त्यावर धनाजीलाही हसू आवरलं नाही. पण हसणं वेगळं आणि मिरवणूक वेगळी. मंगळवारी सकाळी नऊला टेम्पो पाठवतो, पोटुशी जनावर चालवत आणायला नको, एवढं सांगून ती माणसं गेली.

त्या संध्याकाळी दादू जेवायला बसला आणि पहिल्या घासाला थांबला.

"तुला समजत न्हाई," तो म्हणाला. "त्या आळीतनं माझा बाप चपला हातात घेऊन जायचा. आज त्यांनी आपल्या दारात यिऊन घोडी मागितली. आपली घोडी त्यांच्या म्होरं चालणार. ह्ये मला बघायचंय."

अक्काबाईच्या हातातली भाकरी तिथेच थांबली. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं नव्हतं. तिच्या आजाची रीतही तिला ठाऊक होती.

"मला बी बघायचंय," ती म्हणाली. "चालंल की शेवंती म्होरं. पुढल्या वर्षी चालंल. आन तिच्या मागं तिचं पोर चालंल. ह्या वर्षी न्हाई. तुमच्या बाला जे मिळालं न्हाई त्याची भरपाई माझ्या घोडीच्या पोटातनं काढू नगा."

दादू ताटावरून उठला नाही. त्याने दोन भाकरी खाल्ल्या.

मंगळवारी टेम्पो आला. दादूने शेवंतीला आरशांचा साज घातला, कपाळाला तुरा लावला. अक्काबाईने अडवलं नाही. ती अंगणात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली. दादूने घोडी टेम्पोपाशी नेली. घोडी फळीपाशी उभी राहिली. त्याने दावं ओढलं, घोडीने मान ताठ केली. ड्रायव्हरने मागून टाळी वाजवली, घोडीने नुसती शेपटी हलवली. शेवटी दादू स्वतः फळीवरून वर चढला, आत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ये गं."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं, मग मान वळवून सुपाकडे पाहिलं.

रस्त्यावर आठ-दहा माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "दादू, तू ये खाली, न्हाईतर टेम्पो तुलाच घिऊन जाईल." दादू उतरला. त्याने ड्रायव्हरला जायला सांगितलं, साज काढून खुंटीला लावला, आणि दिवसभर शेतावर जाऊन बसला.

मिरवणूक घोडीविना निघाली आणि घोडीविना संपली. आता लोकांना एकच पाहायचं होतं, अक्काबाईचा शब्द खरा होतो की नाही. बुधवारी सकाळपासून तबेल्याच्या दाराशी रीघ लागली. कुणी दळण घेऊन जाताना डोकावे, कुणी मुद्दाम वाट वाकडी करी. "काय अक्काबाई, झालं का?" "अजून न्हाई?" "बघा बाई, न्हाईतर सर्वपित्री यायची." फुलाबाई म्हणून शेजारीण होती, ती तर दिवसातून चारदा आली आणि चारही वेळा म्हणाली, "मला काय, म्या आपली सहज आले."

अक्काबाईला लोकांच्या बोलण्याचं फार नव्हतं. तिला चिंता होती त्यांच्या डोकावण्याची. घोडी माणसाच्या डोळ्यांदेखत वीत नाही. गाय विते, म्हैस विते, शेळी तर बाजारातही विते. घोडीला कुणी टक लावून पाहत असलं की ती कळा आवरून धरते. तासन्तास धरते. तसं फार झालं तर आतल्या जिवाचं काय होईल ते सांगता येत नाही.

तिने दाराला दोन जुनी लुगडी टांगली. लोक लुगडं बाजूला करून बघू लागले. तिने वाटेवर काटेरी फांदी टाकली. फुलाबाईने ती उचलून बाजूला ठेवली आणि सांगितलं, "हितं काटा पडला व्हता गं, पायात गेला आसता."

गुरुवारी संध्याकाळी अक्काबाईने कासेखाली हात घातला. दोन्ही सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब धरले होते. शेपटीच्या मुळाशी मांस सैल झालं होतं, बोट दाबलं की आत जात होतं. तिने माधुरीला बोलावून दाखवलं.

"म्हणजे कधी, आई?"

"आज उद्यात. हिला लोकांनी सोडलं तर."

शुक्रवार उजाडला तो गौरींच्या जेवणाचा. वाडीतल्या बावीस घरांत बायका पहाटेपासून चुलीला लागल्या होत्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घावन-घाटलं. पुरुष नैवेद्याची केळीची पानं आणायला, गजरे आणायला पांगले होते. फुलाबाईची सून पुरण वाटत होती आणि फुलाबाई तिच्यावर लक्ष ठेवत होती. त्या दिवशी तबेल्याकडे यायला कुणाला सवड नव्हती. साडेनऊच्या सुमाराला वाडी एवढी शांत झाली की पत्र्यावर झिमझिमणारा पाऊस मोजता यावा.

अक्काबाई परसात घेवडा तोडत होती. तिने हात थांबवला. मग परडी घेऊन ती तबेल्याच्या दाराशी आली, दाराकडे पाठ करून पायरीवर बसली आणि शेंगांच्या शिरा काढायला लागली.

आत शेवंती फिरत होती. चार पावलं, वळण, चार पावलं. मग थांबली. पुन्हा चार पावलं. मग गवतावर अंग टाकल्याचा आवाज आला, उठल्याचा आला, पुन्हा टाकल्याचा आला. अक्काबाईच्या हातातल्या शेंगेचे मोडून तुकडे झाले तरी ती वळली नाही. मग पाणमोट फुटली. बादली उपडी केल्यासारखा तो आवाज तिने पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता, पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"माधुरी," तिने हलकेच हाक मारली. "मोबाईलमधी टाईम बघून ठिव. आन तुझ्या सासऱ्याला बांधावरनं बोलीव. पळत येऊ नगा म्हनावं."

आता आत जायला हरकत नव्हती. एकदा पाणी गेलं की घोडीला थांबता येत नाही.

दादू आला तेव्हा पांढुरक्या पडद्यातून एक खूर बाहेर आला होता. दुसरा वीतभर मागे होता. त्याच्यावर नाकाचं जांभळट टोक. दादूने ते पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला.

"पाय अडकलाय. एक मागं ऱ्हायलाय. वढून सारका करतो."

"हात लावू नगा."

"अगं, मरंल ते."

अक्काबाईने त्याचं मनगट धरलं. "दोन्ही पाय सारके आले तर खांदं अडकत्यात. एक म्होरं, एक मागं, तवा खांदा तिरपा हून निघतो. आसंच पायजे. तुमी गोणपाट आना."

तो गोणपाट आणायला गेला. हातांना काम मिळाल्यावर माणूस शहाण्यासारखा वागतो.

शेवंतीने तीनदा जोर केला. चौथ्या वेळी खांदे निघाले, आणि मग बाकीचं अंग एकदम, तेल लावल्यासारखं, गवतावर आलं. माधुरी म्हणाली, "अठरा मिनिटं." अक्काबाईने नाकावरचा पडदा बोटाने फाडला, नाकपुड्या पुसल्या. शिंगराने शिंकल्यासारखं केलं आणि डोकं हलवलं. नाळ तिने तोडली नाही. घोडी स्वतः उठेल तेव्हा ती आपोआप तुटते. तोवर वारेतलं रक्त पिल्लाकडे जात राहतं.

दादू गोणपाट धरून उभा होता. "काळं हाय की गं," तो म्हणाला. आवाजात जरा निराशा होती. पांढऱ्या घोडीचं पोर, पांढरं हवं होतं.

"पांढऱ्या घोडीचं पोर बऱ्याच येळा जन्मताना काळंच आसतं. हिच्या डोळ्याभवतीचं पांढरं केस बघा. चार-पाच वर्सांत हुईल आईसारकी."

"सारकी?"

"मादी हाय."

दादू खाली बसला. त्याने गोणपाट शिंगराच्या पाठीवर फिरवायला घेतलं, एवढ्या हलक्या हाताने की माधुरीने मोबाईल काढून फोटो घेतला आणि त्याला कळलंही नाही.

शिंगरू चारदा उभं राहायला गेलं आणि चारदा चारी पाय चार दिशांना गेले. पाचव्यांदा राहिलं. मग ते आईच्या पुढच्या पायात, मग भिंतीवर, मग दादूच्या धोतरात दूध शोधू लागलं. अक्काबाईने हात लावला नाही. तासाभरात त्याला कास सापडली. चीक पिताना त्याची छोटी शेपटी हलायला लागली, तेव्हा अक्काबाईने पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

दुपारी वार पडली. तिने ती गवतावर पसरून नीट पाहिली, कुठे तुकडा आत राहिला नाही ना. अख्खी होती. मग हात धुऊन, साडी बदलून ती बाहेर आली आणि दाराची लुगडी काढून घेतली.

जेवणं उरकल्यावर वाडी आली. फुलाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन पुढे. "म्या म्हनलंच व्हतं," ती म्हणाली, पण काय म्हटलं होतं ते तिने सांगितलं नाही. धनाजी आला, शिंगराचे फोटो काढून त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली काय लिहायचं म्हणून त्याने दादूला विचारलं. दादू म्हणाला, "लिव्ह. अक्काबाईच्या दावणीला झालं."

सगळे पांगल्यावर चिमाजी आला. काठी टेकत तो तबेल्यात गेला, शिंगराचे पाय, गुडघे, छाती बारकाईने पाहिली. मग बाहेर येऊन पायरीवर बसला. बराच वेळ पेरं मोजत राहिला.

"धोंडा धरून मोजलं तर?" त्याने विचारलं.

"तर मागच्या पंधरवड्यात व्यायला पायजे व्हती," अक्काबाई म्हणाली. "तितीनं मोजलं की एक तर मागं जातंय, न्हाईतर म्होरं. म्या तारखेनं मोजते, तात्या."

चिमाजीने मान हलवली. "माझ्या पुतण्याची घोडी हाय नसरापुरात. तिला आठवा लागलाय आसं त्यो म्हनतो. तू एकदा यिऊन बघ. म्या सांगितलं आसं म्हनू नगंस त्याला. तूच सांग कवाची ते."

"यीन की. रिक्षानं यीन रविवारी."

चिमाजी वळणावरून दिसेनासा झाल्यावर तिने माधुरीकडे पाहिलं आणि दोघी एकदम हसल्या. तोंडाला पदर लावायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आठवड्याने फोन आला तेव्हा अक्काबाई शेवंतीला खरारा करत होती आणि शिंगरू तिच्या पदराचं टोक चघळत होतं. फोन दादूने उचलला. भोरचं कुणी होतं, तुळशीचं लग्न लागल्यावर मुलाचं लग्न, वरातीला घोडी हवी होती. दादूच्या तोंडात "तुमचीच घोडी हाय" आलेलं तिला दिसलं. तो थांबला. "एक मिनिट धरा," म्हणून त्याने फोन तिच्याकडे दिला आणि खरारा आपल्या हातात घेतला.

"जयभीम," ती म्हणाली. "न्हाई. नोव्हेंबरात न्हाई. घोडी बाळंतीन हाय. सहा म्हैने तिला बाहेर काढणार न्हाई... न्हाई, मालकांनी सांगितलं तरी न्हाई."

पलीकडच्या माणसाने विचारलं, आपण कोण बोलताय.

"अक्काबाई. घोडी माझी हाय," ती म्हणाली.

दादू शेवंतीच्या पाठीवरून खरारा फिरवत होता. पोटाकडचा भाग मात्र त्याने हलक्या हाताने केला, ती करायची तसा.